डाग पलीकडच्या बाजूला

लंडनहून परत आलेल्या माणसाला लंडनबद्दल काही विचारू नये, हे शहाणपण आमच्या पिढीला फार उशिरा सुचलं. तोपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडून बिग बेन, ट्रॅफल्गार चौकातली कबुतरं आणि मादाम तुसाँकडचे मेणाचे पुतळे ऐकून ऐकून नारायण पेठेतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा त्या शहराचा भूगोल पाठ झाला होता. मी स्वतः तिथे अकरा वर्षं काढली. पण खरं सांगू का, मी लंडन आतून फारसं पाहिलंच नाही. मी ते पाहिलं बाहेरून. अगदी शब्दशः बाहेरून! शिडीच्या बाराव्या पायरीवर उभा राहून, हातात ओलं फडकं घेऊन, काचेतून. मी तिथे लोकांच्या खिडक्या पुसत असे.

हे वाक्य आज कागदावर किती सहज उतरलं! तेव्हा हेच वाक्य निळ्या हवाई पत्रावर उतरवायला मला आठ वर्षं पुरली नाहीत. त्याचीच ही हकिगत.

१९७० साली मी बी.एस्सी. होऊन पुण्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सहायक म्हणजे मुलांनी प्रयोग करायचे आणि मी परीक्षानळ्या धुवायच्या. काच धुण्याचा अनुभव माझ्या गाठीशी होता म्हणायचा. १९६२ च्या कायद्यानंतर विलायतेत नोकरीला जायचं तर त्यांच्या सरकारचं व्हाउचर लागे. मी अर्ज टाकला आणि विसरून गेलो. त्यांचं सरकार विसरलं नाही. व्हाउचर आलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं, आईने बेसनाचे लाडू केले, आणि रिझर्व्ह बँकेने बरोबर न्यायला परवानगी दिलेले तीन पौंड खिशात घालून मी साम्राज्याच्या राजधानीत उतरलो. साम्राज्य तोवर बुडालं होतं. तीन पौंड बुडायला चार दिवस लागले.

दीड महिना नोकरी शोधली. रसायनांच्या कारखान्यात म्हणाले, तुमचं शिक्षण कमी पडतं. बिस्किटांच्या कारखान्यात म्हणाले, तुमचं शिक्षण जास्त होतं. बरोब्बर माझ्याएवढं शिक्षण लागेल अशी जागा त्या बेटावर कुठेच नव्हती. विल्सडनला एका सरदारजींच्या घरात वरच्या मजल्यावर माझी खोली होती. एके सकाळी मी खाटेवर बसून शेवटचा लाडू फोडावा की ठेवावा या विचारात असताना खिडकीच्या बाहेर एक डोकं उगवलं. पांढऱ्या मिश्या, सपाट टोपी, तोंडात विझलेली सिगारेट. बाहेरून त्याने माझी खिडकी सर्रकन पुसून स्वच्छ केली आणि तो उतरणार, तेवढ्यात मला एक डाग दिसला. पुणेरी माणसाला दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली की भूकसुद्धा विसरते! मी बोटाने तो डाग दाखवला. त्याने मान हलवली आणि खूण केली, ‘तुझ्या बाजूला.’ मी खूण केली, ‘छे, तुमच्या बाजूला.’ त्याने पुन्हा खूण केली. शेवटी त्याला खोटं पाडायचं म्हणून मी माझ्या बाजूने रुमाल फिरवला. डाग गेला.

दोन मिनिटांनी तो दारात उभा. ‘तुला डाग दिसतो,’ तो म्हणाला, ‘तो कुणाच्या बाजूला आहे ते मी शिकवीन. काम हवंय?’ त्याच्या जोडीदाराची पाठ धरली होती. माझी नोकरी अशी झाली. अर्ज नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. एक डाग.

त्याला सगळे ‘गव्हनर’ म्हणत. तिकडे मालकाला लाडाने तसंच म्हणतात. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे पहिला आठवडाभर मी त्याच्याशी बोलताना उगीचच ताठ उभा राहत असे. शिडीवर ताठ उभं राहणं बरं नव्हे, हे त्यानेच समजावलं.

आता इथे एक अडचण सांगायला हवी. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. गज होते आणि लाकडी झडपा होत्या. झडप उघडली की उजेड, मिटली की अंधार. मधली पारदर्शक सोय कुणाला सुचली नव्हती. शिवाय पुसणं, झाडणं, विसळणं ही क्रियापदं आमच्या घरात पुरुषांना चालवता येत नसत. प्यालेला चहाचा कप मी जागेवरून उचलल्याचं आईला आठवत नव्हतं. असा मी एका फटक्यात साऱ्या विल्सडनच्या खिडक्यांचा धनी झालो.

गव्हनरने मला शिकवलं ते अजून पाठ आहे. शिडी चार फूट वर गेली तर तिचे पाय भिंतीपासून एक फूट बाहेर हवेत. शिडीची वरची टोकं निमुळती होऊन एकत्र मिळालेली, म्हणजे ती दोन खिडक्यांमधल्या अरुंद पट्टीवरही टेकते. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. तिसरा टाकलात की काच दिवसभर रडते. आधी ‘शॅमी’ने काच ओली करायची. शॅमी म्हणजे मऊ कातडं. सोवळ्यातल्या माझ्या आजीने ते लांबून जरी पाहिलं असतं, तरी मला थेट टेम्स नदीत स्नान घातलं असतं. मग ‘स्क्वीजी’. पितळी मूठ, आडवी पट्टी आणि पट्टीत रबराची धार. मोटारीच्या वायपरचा सावत्र भाऊ म्हणा. ती वरच्या कोपऱ्यातून लावायची आणि हात न उचलता वळणं घेत घेत, एकच लांबलचक अक्षर गिरवावं तशी खाली आणायची. मध्ये थांबलात की तिथे रेघ उमटलीच! शेवटी कडा कोरड्या तागाच्या फडक्याने टिपायच्या. माझं अक्षर शाळेत वळणदार होतं. त्या वळणाचा संसाराला झालेला उपयोग एवढाच.

ही एका पट्टीची स्क्वीजी कॅलिफोर्नियात एत्तोरे स्तेकोने नावाच्या माणसाने केली आणि १९३६ साली तिचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ मूळचा इटलीचा. तोसुद्धा पोटासाठी परमुलखात गेलेला आणि खिडक्या पुसणारा. हे कळल्यावर मला ती मूठ जरा ओळखीची वाटू लागली. १९३६ सालचंच जॉर्ज फॉर्म्बीचं, खिडक्या पुसणाऱ्या माणसाचं एक गाणं गव्हनर शिडीवर गुणगुणे. आत काय काय दिसतं याचं त्यात वर्णन असल्यामुळे बीबीसीने आधी ते वाजवायला नकार दिला होता. गाणं आवडतं असलं, तरी गव्हनरचा स्वतःचा नियम कडक. ‘नजर काचेवर ठेवायची. काचेपलीकडे नाही.’

हा नियम वाड्यात वाढलेल्या माणसाला फार जड. आमच्याकडे कुणाच्या घरी कुठली भाजी शिजतेय आणि ती का करपली, हे साऱ्या चौकाला ठाऊक. पण जमलं हळूहळू. आणि नजर काचेवर ठेवली की एक गंमत कळते. तुम्ही आतल्या माणसाकडे बघत नाही, तसा आतला माणूसही तुमच्याकडे बघत नाही. बाई फोनवर बहिणीशी भांडतेय, म्हातारा चड्डीवर पेपर वाचतोय, पोरगा आईच्या पर्समधून नाणी काढतोय, आणि हातभर अंतरावर तुम्ही उभे आहात, अख्खेच्या अख्खे! पण नाही. खिडकी पुसणाऱ्याला कुणी लाजत नाही. पहिल्या वर्षी मला याचा राग येई. दुसऱ्या वर्षी मी त्याचा फायदा घेऊ लागलो. बिनदिक्कत मराठी नाट्यगीतं म्हणत असे.

गव्हनरला माझा खरा उपयोग झाला तो वेगळ्याच कामी. बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा त्यांचा हिशेब मी जेमतेम शिकतो न शिकतो तोच १५ फेब्रुवारी १९७१ ला त्यांनी तो मोडीत काढला आणि शंभर पेन्सांचा पौंड केला. गव्हनर हवालदिल! रस्त्यारस्त्यातल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइका जुनी नाणी मोजत बसलेल्या. मी म्हटलं, ‘काळजी नको. आमच्याकडे हे १९५७ सालीच झालंय. आम्ही आणे आणि नव्या पैशांचं कोष्टक तोंडपाठ केलेली माणसं.’ त्या दिवसापासून वसुली माझ्याकडे आली. संध्याकाळी दारोदार जाऊन पैसे गोळा करताना मला पहिल्यांदाच वाटलं की आपण काहीतरी आहोत. निदान विल्सडनपुरते तरी.

आणि गिऱ्हाइकं! आमच्या धंद्यातला सनातन तंटा एकच. बाई आतून बोट दाखवणार, ‘इथे डाग राहिलाय.’ आम्ही बाहेरून खूण करणार, ‘तो तुमच्या बाजूला.’ त्या म्हणणार, ‘शक्यच नाही.’ एक आजीबाई तर मी येणार म्हटलं की आधीच आत फडकं घेऊन उभ्या राहत, आणि काचेच्या दोन बाजूंना आमचा जो शब्देविण संवादु चाले तो कुणी पाहिला असता तर दोघांनाही वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं. गव्हनर म्हणे, ‘पन्नास वर्षं खिडक्या पुसतोय. आतल्याला विचार, बाहेरच्याला विचार, डाग नेहमी पलीकडच्या बाजूला असतो.’ तंटा मिटला की आजीबाई खिडकी वर करून चहाचा मग हातात देत. तो चहा म्हणजे गरम पाण्यात दुधाची निळसर आठवण. पण शिडीवर बोटं गारठलेली असताना कुणी आपण होऊन दिलेला. त्याला नावं ठेववत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं नारायण पेठेत.

अण्णा शाळेत विज्ञान शिकवत. ‘कुठे लागलास, काय काम आहे, सविस्तर लिही,’ असं त्यांचं पत्र आलं. मी रात्रभर विचार केला आणि लिहिलं, ‘काचेच्या व्यवसायात आहे.’ बघा, यात एक अक्षर खोटं आहे का? पण विज्ञानाचे मास्तर एवढ्यावर थांबतात होय! उलट टपाली प्रश्न आला, ‘तिकडे सपाट काच कशी तयार करतात? आकृती काढून स्पष्टीकरण दे.’

झालं! रविवारी मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. अलेस्टर पिल्किंग्टन यांनी शोधलेली आणि १९५९ साली जाहीर झालेली ‘फ्लोट ग्लास’ची पद्धत मी वाचून काढली. वितळलेल्या कथलाच्या कुंडावर वितळलेली काच सोडायची. ती तेलासारखी तरंगत पसरते आणि दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत होते. घासायला नको, पॉलिश करायला नको. लँकेशरमधल्या सेंट हेलेन्सच्या कारखान्यात हे चालतं. मी आकृतीसकट चार पानं लिहिली. ‘मी करतो’ असं कुठेही लिहिलं नाही हं! ‘येथे असे करतात,’ एवढंच. अण्णांनी ते पत्र नववीच्या वर्गात वाचून दाखवलं म्हणे. पुढे प्रश्न येत गेले, उत्तरं जात राहिली. काच रंगीत कशी होते, काच तडकते का. माझा सगळा रविवार वाचनालयात जाऊ लागला. आठवडाभर पुसायची ती काच, रविवारी वाचायची तीही काच.

त्या वाचनात एक मजेची गोष्ट हाती लागली. १६९६ साली इंग्लंडात चक्क खिडक्यांवर कर बसवला होता. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. मग लोकांनी काय करावं? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. तशा बुजवलेल्या खिडक्या जुन्या घरांवर आम्ही रोज पाहायचो. गव्हनर त्यांना हसून सलाम करी, कारण त्या कधी मळत नाहीत. १८५१ साली हा कर गेला, आणि त्याच वर्षी हाइड पार्कमध्ये जवळजवळ तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. पुस्तकात तो बांधणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनचं नाव मोठ्या अक्षरात होतं. त्या तीन लाख काचा पुसणाऱ्यांपैकी कुणाचं नाव मी शोधत बसलो, ते काही मिळालं नाही. हे मात्र मी अण्णांना कळवलं नाही.

१९७३ च्या डिसेंबरात महिनाभर पुण्याला येऊन लग्न केलं. अण्णा पाहुण्यांना माझी ओळख करून देत, ‘चिरंजीव काचेच्या व्यवसायात असतात.’ सांगताना ते माझ्याकडे न पाहता मांडवाच्या झालरीकडे पाहत. तेव्हा मला वाटलं, कामाच्या गडबडीत असतील.

सौ.ला मी खरं सांगितलं ते विमानात, सुटकेचा मार्ग नाही असं पाहून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बरं झालं बाई. मला वाटलं होतं, भट्टीपाशी उभे राहत असाल.’ विल्सडनच्या खोलीत पाऊल टाकल्यावर तिने पहिल्यांदा खिडकी पाहिली. महिनाभर बंद खोलीची ती! ‘अहो, ही कोण पुसायची?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘न्हाव्याचे केस पाहिलेस कधी?’ त्या रात्री ती एवढंच म्हणाली, ‘अण्णांना लिहून टाका.’ मी म्हटलं, ‘टाकतो.’

टाकलं नाही. १९७५ साली भावकीने वाडा विकला आणि अण्णांनी कोथरूडला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. निम्मे पैसे माझे. ‘या घराला काचेच्या खिडक्या आहेत,’ आईने कौतुकाने लिहिलं. आता तर सांगणं आणखीच अवघड झालं. घर उभं राहिलंय काचेच्या व्यवसायावर, आणि मी तिथे बादली घेऊन कुठे जाऊ?

१९७६ च्या उन्हाळ्यात विलायतेत पाऊसच पडेना. हिरवळी वाळून कोळ झाल्या, बागेत नळीने पाणी घालायला बंदी आली. गव्हनर म्हणाला, धंदा बसला. मी म्हटलं, ‘पानशेतच्या पुरानंतर पुण्यात पाण्याचे काय हाल झाले ते आम्ही काढलेत. एका बादलीत आम्ही अंघोळ करून वर पायपुसणं धुतो.’ आणि अर्ध्या बादलीत अख्खी गल्ली पुसून दाखवली. सरकारने शेवटी ऑगस्टमध्ये डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्यांना दुष्काळाचं काम दिलं आणि काही दिवसांतच पाऊस कोसळला. असे मंत्री आपल्याला का मिळत नाहीत, असं सौ. आजही विचारते.

१९७७ साली मात्र व्हायचं ते झालं. बेजवॉटरकडच्या एका हॉटेलच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्या आमच्याकडे होत्या. मी शिडी लावली, काचेवर फेस ओढला, स्क्वीजीचा पहिला पट्टा फिरवला, आणि त्या स्वच्छ झालेल्या पट्ट्यात दोन डोळे दिसले. दुसऱ्या पट्ट्यात मिशी दिसली. तिसऱ्या पट्ट्यात पंचा नेसलेले, जानव्याला किल्ली अडकवलेले, हातात चकलीचा डबा धरलेले अण्णांचे मावसभाऊ दिसले! मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते, सरकारी दौऱ्यावर आले असावेत. तोंडात अर्धी चकली, अर्धी बाहेर. मी त्यांच्याकडे पाहतोय, ते माझ्याकडे. आता काय करावं? वाकून नमस्कार करावा तर शिडीवरून पडेन. गव्हनरचा नियम आठवला. नजर काचेवर! मी निमूटपणे चौथा पट्टा ओढला, कडा टिपल्या आणि खाली उतरलो. पाय इतके लटपटत होते की शेवटच्या दोन पायऱ्या मी मोजल्याच नाहीत.

काका परत गेले असतील, कोथरूडला गेले असतील, बोलले असतील. मी अण्णांच्या पत्राची वाट पाहत राहिलो. पत्र आलं. पावसाबद्दल होतं. पुढचं आलं, ते डोळ्यांबद्दल. ‘हल्ली खिडकीतून समोरच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते दिसत नाही. मोतीबिंदू असावा.’ काचेबद्दल अक्षर नाही. इतकी वर्षं प्रश्न विचारणारा माणूस एकाएकी काहीच विचारीना! हे मौन मला कुठल्याही शिवीपेक्षा जड गेलं.

१९७८ च्या डिसेंबरात आम्ही पुण्याला आलो. सांताक्रूझला कस्टमच्या साहेबाने बॅग उघडली आणि माझी जुनी पितळी स्क्वीजी वर धरली. ‘हे काय आहे?’ मला काय माहीत! मी ती बॅगेत ठेवलीच नव्हती. मी सौ.कडे पाहिलं. ती छताकडे पाहत म्हणाली, ‘सासऱ्यांना भेट आहे.’

रात्री आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. ‘ते मंत्रालयातले आले होते गेल्या वर्षी. मुद्दाम सांगायला आले होते रे, चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणाले, तुमच्या मुलाला शिडीवर पाहिलं, खिडक्या पुसत होता.’

‘मग अण्णा?’

‘हे म्हणाले, काच बसवली की आतून बाहेरून तपासावी लागते, त्याशिवाय माल पास होत नाही. जबाबदारीचं काम असतं. आणि त्यांना दुसरा चहासुद्धा विचारला नाही.’

मी ऐकत राहिलो. आमचे अण्णा म्हणजे हजेरीपटावर कधी खोटी खूण न केलेला माणूस. स्वतःच्या मुलाला एका मार्कासाठी नापास करतील असे. ते माझ्यासाठी माझ्याहून सराईतपणे काचेआड उभे राहिले होते.

सकाळी अण्णा हॉलमध्ये बसले होते. समोर टीपॉयवर ती स्क्वीजी. सुनेने दिलेली भेट त्यांनी रबराची धार अंगठ्याने तपासत नीट न्याहाळली आणि म्हणाले, ‘हेच का ते?’

मी म्हटलं, ‘अण्णा, मी तुम्हाला लिहिणार होतो...’

‘तू लिहिलं होतंस की! पहिल्याच पत्रात लिहिलंस, फ्लोट ग्लासचा कारखाना सेंट हेलेन्सला. पत्रावर शिक्का लंडनचा. घरात नकाशाचं पुस्तक आहे आपल्या. दोनशे मैल पडतात. म्हटलं, हा रोज जाऊन येऊन करतो की काय?’

‘म्हणजे १९७१ पासून तुम्हाला...’

‘कारखान्यात नाहीस एवढं कळलं. काचेचं दुसरं काय काम असणार? एक तर फोडायची, नाही तर पुसायची. फोडणारा दरमहा पैसे पाठवत नाही.’

‘मग विचारलं का नाहीत?’

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, ‘विचारत तर होतो दर पत्रात. तू आकृत्या पाठवत होतास.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आठवीत तू श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिला होतास. दहापैकी नऊ मागत होतास. मी पाच दिले. पाठ केलेला होता.’

काय बोलणार? इतकी वर्षं मी समजत होतो की नारायण पेठेला माझ्या बादलीची लाज वाटेल. नारायण पेठेचं मला माहीत नाही, पण या घरात बादलीची लाज वाटणारा मी एकटाच होतो.

‘बरं, हे चालतं कसं ते दाखव,’ अण्णा म्हणाले. ‘आकृती नको. प्रात्यक्षिक.’

हॉलची खिडकी गॅलरीत उघडत होती. तीन वर्षांची शेजारच्या बांधकामांची धूळ आणि त्यावरून ओघळलेले तीन पावसाळे! मी बादली आणली. साबणाचे दोन थेंब. आईने जुने ‘सकाळ’ दिले. मी गॅलरीत, अण्णा आत. आठ वर्षांत एवढ्या मन लावून मी कुठलीच खिडकी पुसली नव्हती. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, हात न उचलता एकच लांब अक्षर गिरवलं, कडा टिपल्या. आत अण्णांनी मान वर केली आणि समोरच्या घराकडे पाहिलं. ‘सव्वानऊ!’ ते ओरडले. ‘अगं, सव्वानऊ वाजलेत! दिसतंय!’ मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, ‘दहा मिनिटं मागं आहे त्यांचं. सांगून यायला हवं.’ मोतीबिंदू काचेला झाला होता.

पुढे तीन वर्षांनी मी कायमचा परत आलो. आता तिकडेही शिड्या फारशा राहिल्या नाहीत म्हणतात. जमिनीवर उभं राहून लांबच लांब दांडीने, शुद्ध केलेल्या पाण्याने खिडक्या धुतात. आणि शिडीला जागाच नाही अशा काचेच्या इमारती आता आपल्याकडेच उभ्या राहिल्यात. कधी मुंबईला गेलो की विसाव्या मजल्यावर दोराला लटकून काच पुसणारा पोरगा दिसतो. मी खाली थांबतो आणि हात हलवतो. त्याला दिसत नाही बहुधा. घरी पत्रात तो काय लिहीत असेल, हा विचार मात्र येतो. हल्ली पत्रं नसतात, फोन असतो. फोनवर खोटं बोलणं आणखी सोपं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी बादली उचलून आत येणार, तेवढ्यात अण्णांनी आतून काचेवर टकटक केलं. एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक डाग होता. त्यांनी खूण केली, ‘तुझ्या बाजूला.’

माझा हात सवयीने वर गेला. ‘छे, तुमच्या बाजूला’ अशी खूण करणारच होतो. पण मग म्हटलं, एकदा बघू तरी. फडकं घेऊन मी माझ्या बाजूने पुसलं.

डाग गेला.